घोडीचं माप

हमीदभाई गेल्याचा फोन नसीमनं केला, त्यांच्या लेकीनं. मी निवृत्तीनंतर चंद्रपूरला मुलाकडे राहायला आलोय. "गुर्जी, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवला. पोंभुर्ण्याची बस लागेपर्यंत स्टँडवर बसून होतो, आणि खरं सांगतो, दुःखाच्या आधी मनात आली ती धास्ती. पाचच दिवसांपूर्वी हमीदभाईंनी एका जुन्या चुकीची कबुली माझ्याजवळ दिली होती आणि ती आपल्या मुलाला, रफीकला, सांगायला मलाच सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, तुम्हीच सांगा. आता सांगणारा मीच उरलो होतो.

पोंभुर्ण्याच्या शाळेत मी वीस वर्षं मास्तर होतो. शाळा सुटली की माझा मुक्काम हमीदभाईंच्या दुकानात. त्यांच्या वडिलांनी जंगलखात्याच्या साहेबांच्या घोड्यांची खोगिरं शिवली होती. मग घोडे गेले, जीपा आल्या, तसे हमीदभाई बैलांच्या पट्ट्यांकडे आणि घुंगरमाळांकडे वळले. शेवटी शेवटी तर शाळेच्या दप्तरांचे बंदही शिवून दिले, पण पाटीवर 'खोगीरवाले' तसंच राहू दिलं. नवा पट्टा तयार झाला की तो आधी स्वतःच्या हातावर, आतल्या बाजूला, घासून बघायचे. कातडी लाल झाली की शिवण उसवलीच म्हणून समजा. मी चिडवायचो, की बैलसुद्धा एवढी चौकशी करत नसतील. त्यावर ते म्हणायचे, "बैल तक्रार नाई करत मास्तर, म्हणूनच तं." जनावराच्या पाठीला इतका जपणारा माणूस... आणि त्याच्याच हातून हे व्हावं, याचा मला अजून राग येतो.

रफीक थोरला, नसीम धाकटी. नसीम दोऱ्याला मेण लावून द्यायची आणि रफीक शिवायचा. त्याचा टाका असा सरळ, की हमीदभाई तो मला मुद्दाम दाखवायचे, पण रफीक दुकानात नसताना. तोंडावर कौतुक केलं तर पोरगं शेफारतं, अशी त्यांची समजूत. नव्वदीच्या मधल्या वर्षांत एका बँडवाल्यानं वरातीसाठी नवी घोडी आणली आणि खोगीर सांगितलं. हमीदभाईंनी दोरीनं माप घेतलं, दुसरं टोक रफीकनं धरलं. मी पेपर वाचत बसलो होतो. रफीक हळूच म्हणाला, अब्बा, घोडी गाभण दिसते, व्यायल्यावर माप घेऊ. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. हमीदभाईंचा पारा चढला.

"तू मले घोडी शिकवून राह्यला का?"

रफीकनं सांगितल्या मापानं शिवलं. थंडीत घोडी व्याली. उन्हाळ्यात पहिल्याच वरातीत, पोटाखालचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढूनही ढिला राहिला, खोगीर फिरलं आणि नवरदेव खाली आला. हात मोडला बिचाऱ्याचा. दुसऱ्या दिवशी सकाळी वरपक्षाची माणसं बँडवाल्यासह दुकानात आली. हमीदभाईंनी खोगीर उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "माप पोरानं घेतलं होतं." रफीकच्या हातात आरी तशीच राहिली. त्यानं बापाकडे पाहिलं, मग एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पेपरचं पान उलटलं. रफीकनंच लोकांची माफी मागितली, नवा पट्टा शिवून दिला आणि दोन महिन्यांत कोरपन्याकडे एका सिमेंट कारखान्यात कंत्राटदाराच्या हाताखाली लागला.

नंतर तो दर ईदला यायचा. बापासाठी औषधं आणायचा, चष्मा करून द्यायचा, अंगणात बसून पावसापाण्याचं बोलायचा, पण दुकानाची पायरी चढला नाही. हमीदभाई लोकांना ऐटीत सांगायचे, की पोरगा नोकरीत आहे. मला वाटायचं, आपलंच खोटं यांना आता खरं वाटायला लागलंय. मीही विषय काढला नाही. माझ्या अंगावर आलं असतं ना!

यंदा त्यांना लकवा झाला, तेव्हा भेटायला गेलो. जीभ जड झाली होती, शब्द तुटत होते. माझा हात धरून म्हणाले, "ते माप माहं होतं, मास्तर. त्यानं मले सांगतलं होतं... मी आयकलं नाई." आणि मग, "तुमी सांगा त्याले." मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारी तो येतोच आहे, तुमच्या तोंडून ऐकू द्या. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "बाप हाव मी. मले नाई जमत." रफीक यायच्या दोन दिवस आधी ते गेले.

दफनाच्या दिवशी माझी हिंमत झाली नाही. चाळिसाव्याला जेवणं उरकल्यावर रफीकला अंगणात बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं, पेपरच्या पानासकट. तो मान खाली घालून ऐकत होता.

"माप कोनाचं होतं ते मले मालूमच होतं, गुर्जी," तो म्हणाला. "अब्बाले मालूम हाय का, तेच मले मालूम नोतं."

मग त्यानं नसीमकडून किल्ली मागून घेतली आणि दुकान उघडलं. आत चामडं, वाद्या, दप्तरांचे बंद, डबे, सगळं छतापर्यंत रचलेलं, पाय ठेवायला जेमतेम जागा. फक्त खिडकीखाली, रफीक जिथं बसून शिवायचा, तिथं हातभर चौकोन मोकळा होता. झाडून पुसून ठेवलेला. रफीक नोकरीला गेल्यानंतरही वर्षानुवर्षं मी तिथून चार हातांवर बसत आलो होतो आणि मला तो चौकोन कधी दिसला नव्हता... रफीक त्या जागेवर जाऊन बसला. मी बाहेर आलो आणि दार लोटून घेतलं.