सासूबाईंची पुटपुट

सासूबाई मालवणहून आमच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत राहायला आल्या आणि थोड्याच दिवसांत माझी खात्री पटली, की ही बाई मला नोकरी सोडायला लावणार. तोंडावर कधी एक शब्द बोलल्या नाहीत. पण संध्याकाळी मी दारात चपला काढत असे, तेव्हा आत त्यांची पुटपुट चालू असे आणि मी पाऊल टाकलं की बंद! त्यापेक्षा भांडणारी सासू परवडली. शिवाय पानात करपलेला भात. तो निमूट गिळत मी अर्थ लावत बसायची. सून टायपिस्ट म्हणून कचेरीत जाते, त्याचा हा राग. सकाळी भाजी चिरून ठेवली नाही, त्याचा हा राग. कचेरीत टाइप करतानाही मी मनात स्वतःला सुनावत असे. कसली सून तू? धड घर नाही, धड नोकरी नाही, उगाच जागा अडवून बसली आहेस. शेवटी राजीनामा द्यायचं ठरवलं. नवऱ्याला सांगायचं तेवढं बाकी होतं.

त्या दिवशी कचेरी दुपारीच सुटली. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत स्टोव्ह भडकला होता, खोलीभर काजळी, आणि सासूबाई त्याच्यापुढे उकिडव्या बसून स्वतःच्याच कपाळावर फडाफड मारून घेत होत्या.

"साधो स्टोव्ह पेटवूक येणा नाय तुका! सून दिवसभर राबान येतली, नि तिका परत करपलेलो भात वाढ! कोणाच्या उपेगाची नाय तू. कित्याक ऱ्हवलंस हय?"

इथे राहिलीसच कशाला, असं त्या स्वतःलाच विचारत होत्या. रोज ऐकू येत होतं ते हे? गावी चुलीवर अख्ख्या पंगतीचा स्वयंपाक एकटीने रांधणारी बाई ही! मी धावत जाऊन स्टोव्हची हवा सोडली आणि त्यांचा हात घट्ट धरला. त्या दचकल्या.

"तू कधी इलंस गो?"

"आई, असं मी तुम्हाला बोलले असते तर?"

"जीभ हासडून हातात दिली असती तुझी," त्या ताडकन म्हणाल्या.

मला रडू फुटलं. मग दिवसभर मला काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते सगळं त्यांना सांगून टाकलं. त्या डोळे विस्फारून ऐकत राहिल्या. शेवटी पदर खोचून उठल्याच.

"कोण म्हणाला तुका असा? नाव सांग माका त्याचा."

मी स्वतःकडेच बोट दाखवलं.