उलटा टेम्पो

मिरजगावच्या बाजारात एक चष्मेवाला बसायचा. काच जवळची की लांबची, हे तो पांढऱ्या कागदावर पारखायचा. एकदा एका आजींसाठी त्यानं कागदासमोर काच धरली, तर कागदावर रस्त्यावरचा टेम्पो उलटा उमटला.

“ही जवळची. लांबच्या काचेनं कागदावर कायबी उमटत न्हाई,” तो म्हणाला.

“उलटं दाखवनारा चष्मा मला नगं!” आजी उठल्याच.

मी विज्ञानाचा शिक्षक. बहिर्गोल भिंग, किरण, नाभी, सगळं समजावलं. आजी आणखीच घाबरल्या.

“गुरुजी, दमा जरा,” म्हणत त्यानं चष्मा आजींच्या नाकावर चढवला आणि हातात सुईदोरा दिला. दोरा लगेच ओवला गेला.

आजींनी त्याच्याकडं निरखून पाहिलं. “अगं बाई! मी तुमाला पोरगं समजत हुते!”

तो माझ्याकडं वळला. “नंबर जरा जादाच बरोबर बसला, गुरुजी.”