बिननंबरचा चष्मा

माणसं नीट दिसावं म्हणून चष्मा लावतात. आमचे सर नीट दिसावं म्हणून चष्मा काढायचे. विद्यार्थ्याचं पोस्टर भिंतीला टाचलं की ते वर्गाच्या दुसऱ्या टोकाला जात, चष्मा हातात घेत आणि त्या धुरकट नजरेनं बघत राहत. मग विचारत, "अहो, यात आधी काय दिसायला हवंय?" नुकतं मिसरूड फुटलेली आम्ही पोरं, पण त्यांच्या लेखी सगळे 'अहो'.

मी अकोल्याहून पुण्यात ग्राफिक डिझाइन शिकायला आलो, तो स्वतःला तयार कलावंत समजूनच. शाळेतले सगळे फलक मीच रंगवलेले. पहिलंच काम मिळालं नाट्यमहोत्सवाच्या पोस्टरचं. मला येत होतं ते सगळं मी त्यात घातलं: मुखवटा, पडदा, घुंगरू, समई, तऱ्हेतऱ्हेची अक्षरं आणि प्रत्येक अक्षराला सावली. सरांनी चष्मा काढला आणि लगेच पुन्हा घातला.

"अहो, हे पोस्टर आहे की रुखवत?"

वर्ग हसला. मीही हसलो, पण कान लाल झाले होते. काम आवडलं तर सर एकच शब्द म्हणत, "पोचलं." तोही क्वचित. तो एकदा तरी ऐकायचाच, असं मी त्या दिवशी मनाशी ठरवून टाकलं.

खूप विचार करून मी असा निष्कर्ष काढला, की सगळी करामत चष्म्यात आहे. माझे डोळे तर ठणठणीत. तेव्हा बुधवार पेठेतून मी बिननंबरचा चष्मा आणला, केवळ काढण्यासाठी. संगणकापुढे बसून मी तो काढत होतो, घालत होतो, गंभीरपणे मान हलवत होतो. खोलीवरचा गाववाला मित्र म्हणाला, "डोये आले का बे तुले?"

नवं पोस्टर घेऊन वर्गात गेलो तेव्हा सरांनी माझा चष्मा मागून घेतला आणि स्वतःच्या डोळ्यांना लावून पाहिला.

"याला नंबर नाही?"

"नाही सर."

"मग काढल्यावर वेगळं काय दिसतं?"

"काही नाही. सगळं तसंच."

"पोस्टरचंही तेच झालंय. सगळं सारखंच ओरडतंय, म्हणून काहीच दिसत नाही. डोळे किलकिले करून बघा की जरा."

मग समई गेली, घुंगरू गेलं, जड मनानं सावल्याही गेल्या. शेवटी मुखवटा आणि महोत्सवाचं नाव एवढंच राहिलं. सर म्हणाले, "हं." त्या 'हं'वर मी पदवीपर्यंत दिवस काढले.

परवा येरवड्याला त्यांच्या घरी गेलो. मी केलेलं पुस्तकाचं पहिलं मुखपृष्ठ दाखवायचं होतं. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. दार त्यांनीच उघडलं, आवाजावरून ओळखलं. नाकावर चष्मा नव्हता.

"सर, चष्मा?"

"डोळ्यांच्या पडद्यानं साथ सोडलीय. लावला काय, काढला काय, सगळं धुरकटच. काढायचे कष्ट वाचले."

पुस्तक त्यांनी हातभर लांब धरलं आणि मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिले. "खाली लाल गोल. वर नाव. बाकी मोकळं सोडलंय?"

"हो सर."

"पोचलं."

इतकी वर्षं ज्या शब्दासाठी झुरलो तो मिळाला. डोळे भरून आले. संगणकापायी मलाही आता चष्मा लागलाय, खरा, नंबरचा. तो काढून मी उगाच पुसत बसलो. खोलीतलं कपाट, खिडकी, भिंत सगळं धुरकट झालं होतं. आधी सरच दिसत होते.