प्रियदर्शनी मॅडमचा डबा

प्रियदर्शनी मॅडम इस्लामपुरात एका किराणा दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास चालवायच्या. प्रोग्राम चुकला म्हणून कधी चिडल्या नाहीत. आधी विचारायच्या, जेवलीस का? मला वाटायचं, या बाईंचं निम्मं लक्ष कॉम्प्युटरवर आणि निम्मं आमच्या पोटावर.

अठ्ठ्याण्णव साली मी कडेगावच्या एका दूध संघासाठी व्हिज्युअल बेसिकमध्ये प्रोग्राम लिहिला. तो चालला तर तिथंच नोकरी, नाही तर दिवाळीनंतर लग्न, असं आमच्या आप्पांनी बजावलं होतं. तो संघात दाखवायच्या आदल्या संध्याकाळी क्लासमधून निघताना मॅडमनी, सकाळी संघात थेट जाशील, उपाशी राहशील, म्हणत दशम्या आणि चटणीचा स्वतःचा डबा माझ्या पिशवीत कोंबला.

संघाच्या मॅनेजरांनी स्वतःच्याच म्हशीच्या दुधाचा आकडा घालायला सांगितला. फॅट विचारणारी छोटी खिडकी मी मोठ्या हौसेनं बनवली होती. तीत सात भरले, ओके दाबलं, खिडकी मिटली आणि मुख्य पडद्यावर फॅट आली शून्य. पुन्हा भरले, पुन्हा शून्य. आमची म्हैस काय पाणी देते होय, असं विचारून मॅनेजरांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत मुदत दिली.

एसटीडी बूथवरून क्लासला फोन लावला तेव्हा मी रडकुंडीला आले होते. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं काय, तर जेवलीस का.

"न्हाई."

"मग डबा उघड. आतलं काढून घ्यायच्या आधी डबा घासाय टाकतीस का?"

"न्हाई."

"तुझ्या खिडकीचं तेच झालंय बघ. ओके दाबलं की तू ती अनलोड करतीस, म्हंजी आकड्यासकट घासून टाकतीस. आधी नुसती लपीव, आकडा काढून घे, मग घास."

तसं केलं. सात भरले, सात आले. नोकरी लागली. त्या बाईंचे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत.

घरी येऊन डबा घासला. भांडं रिकामं परत देऊ नये, ही आईचीच शिकवण. पण मॅडमचं घर बौद्धवस्तीत, आणि आमच्या घरातून तिकडं आजवर भांडं गेलं नव्हतं. डबा मॅडमचा, एवढंच मी आईला सांगितलं. आईनं डब्याकडं पाहिलं, घरच्या म्हशीच्या चिकाचा खरवस त्यात काठोकाठ भरला आणि पदर सावरून माझ्या आधी उंबऱ्याबाहेर पडली.

मॅडमनी दार उघडलं, आईला आत बसवलं आणि सवयीनं विचारलं, "जेवलासा का?"

आई म्हणाली, "न्हाई. वाढा."