डावं मनगट

माझी मुलगी सहा वर्षांची असताना रोज सकाळी व्हॅनचं दार सरकलं की डावा हात पुढे करायची. मनगट वर, बोटं मिटलेली. ती बोलत नाही. तिला ‘हात दे’ शिकवण्यात आमचं दीड वर्ष गेलं होतं, त्यामुळे घरात आनंद झाला. सासूबाईंनी शेजारणीला ओरडून सांगितलं, “आमची आता व्हॅनवाल्याला शेकहँड करते!” मी शाळेच्या वहीत प्रगतीच्या रकान्यात लिहिलं: अभिवादन करते. ती नोंद माझ्या अक्षरात आजही आहे.

आम्ही भुईगावला, विशेष मुलांची शाळा बोळिंजला. शाळेने ठरवून दिलेल्या व्हॅनमध्ये पाच मुलं. मुलांबरोबर मदतनीस बाई हवी असा नियम, आणि बाई होती. आमच्या दारात ती खाली उतरून मुलीला सीटवर बसवायची, बेल्ट लावायची. तिच्या पायाशी भाजीच्या दोन टोपल्या असायच्या. माठ, मुळा, अळू, सगळ्या जुड्या केळीच्या सोपाने बांधलेल्या. सोप म्हणजे खोडाची वाळलेली साल. तिच्या पट्ट्या काढून वाडीत सगळं बांधतात. आमच्याही ओटीवर सोपाचा भारा पडलेला असतो. मुलीच्या बाहीच्या बटणाला अडकलेले सोपाचे तंतू मी कितीदा तरी काढून टाकले. वाडीच्या घरात त्यावरून कोणाला काही सुचत नाही.

मी वर्तमानपत्रात काम करते. मुलांच्या मदतनिसाला भाजीच्या टोपल्या कशाला लागतात, हा प्रश्न दुसऱ्याच्या बातमीत मी पहिला विचारला असता.

एका सकाळी व्हॅन बिघडली, म्हणून मी मुलीला रिक्षाने नेलं. सोपाऱ्याच्या बाजारात गर्दीमुळे रिक्षा थांबली. तिने डावं मनगट ड्रायव्हरच्या सीटमागच्या दांड्यावर टेकवलं आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी तो हात हातात घेतला. तिने सोडवून घेतला आणि परत दांड्यावर ठेवला. असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा मला कळलं. ती वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला पुन्हा त्याच व्हॅनमध्ये बसवलं. याचं समर्थन मी करत नाही. मागोमाग स्कूटर काढली. बाजारात व्हॅन थांबली आणि बाई टोपल्या घेऊन उतरली. ड्रायव्हर मागच्या दाराशी आला. मुलीने हात पुढे केला. त्याने खिशातून सोपाची पट्टी काढली, मनगटाला दोन वेढे दिले आणि सीटच्या दांड्याला गाठ मारली. घाई अजिबात नव्हती. तोंडाने शीळ चालू होती. माझ्या फोनचा कॅमेराही चालू होता.

“अरे, ताई! तुम्ही इकडे?”

“सोडा.”

“मधेच उभी राहते हो ती. दाराचा खटका काढते. पडली असती तर तुम्हीच मला फासावर दिलं असतं. आणि दुखत नाही तिला, विचारा पाहिजे तर.”

“कोणाला विचारू?”

त्याने गाठ सोडली.

मदतनीस बाई जवळच टोपल्या मांडत होती. “मी काय करनार, ताई? भाजी उन्हात सुकते. आनि तोच बोलला, हिथून पुढं मी बघतो.” शाळेच्या फाटकात शिपाई मुलांना उतरवून घ्यायचा. त्याने गाठ कधीच पाहिली नव्हती, कारण ड्रायव्हर अलीकडच्या वळणावर थांबून ती सोडायचा. म्हणजे आपण काय करतो हे ड्रायव्हरला पुरतं ठाऊक होतं. ते वळण मी लक्षात ठेवलं.

शाळेत पालकांची बैठक झाली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “आपण हे आपसात मिटवू या.” एक वडील मला म्हणाले, “तुमच्याकडे स्कूटर आहे, ताई. माझ्या मुलीला उचलून चढवावं लागतं. व्हॅन बंद झाली तर ती घरी बसणार.” त्यांचं बरोबर होतं. ड्रायव्हरने हात जोडले. “चुकलं माझं. तुम्ही म्हणाल ते करतो.”

“उद्या तिच्या सीटवर बसा,” मी म्हणाले. “बाजारापासून शाळेपर्यंत. बांधते मी. मग बोलू.”

कोणीतरी हसलं. तो हसला नाही.

गाडी त्याच्या भावाने चालवली. मुलं नव्हती, मागे आम्ही तीन पालक. सीट लहान मुलांची, त्याचे गुडघे छातीशी आले. सोप भिजवला की तुटत नाही. मी भिजवून आणला होता. गाठ सासूबाईंनी शिकवलेली, ओढली की आवळणारी. वाटेत त्याच्या डाव्या खिशातला फोन वाजला. उजवा हात तिथवर पोहोचेना. फोन चार वेळा वाजला आणि कोणीही काढून दिला नाही. मी खिडकीबाहेर बघत होते.

ते वळण आलं तेव्हा तो हळूच म्हणाला, “आता सोडा ना, ताई. फाटकात माणसं असतात.”

“फाटकातच सोडते.”

फाटकात शिपाई होता, शिक्षिका होत्या, मुलांना सोडायला आलेल्या आया होत्या. मी दार पूर्ण सरकवलं आणि गाठ सोडायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त घेतला.

तिथून मी सरळ पोलीस ठाण्यात गेले आणि व्हिडिओ देऊन तक्रार लिहून दिली. बैठकीत मी ‘मग बोलू’ एवढंच म्हणाले होते. तक्रार करणार नाही असं म्हणाले नव्हते.

व्हॅन बंद झाली. दुसरी मिळेपर्यंत पाचही मुलं घरी बसली, माझीसुद्धा. ते वडील माझ्याशी बोलत नाहीत. हेही इथे लिहून ठेवते.

नव्या व्हॅनमधली बाई शाळेपर्यंत जाते. हे मी स्कूटरवरून पाहिलं आहे, एकदाच नाही. पहिल्या दिवशी मुलीने तिच्यापुढेही मनगट धरलं. “काय गं, काय देतेस मला?” असं म्हणून तिने त्या मिटल्या मुठीवर टाळी दिली. पुढे कितीतरी महिने मुलगी रोज मनगट धरायची आणि बाई रोज टाळी द्यायची. मग एका सकाळी मुलगी दोन्ही हातांनी डबा पोटाशी धरून व्हॅनमध्ये चढली आणि खिडकीशी जाऊन बसली. बाईने टाळीसाठी उचललेला हात तसाच खाली घेतला. त्या दिवशी मी वहीत प्रगतीच्या रकान्यात लिहिलं: हात पुढे करत नाही.

मी करते. तो ड्रायव्हर आता टेम्पो चालवतो आणि नाक्यावर, मासळीबाजारात, कुठे ना कुठे समोर येतोच. तो दिसला की मी डावा हात पुढे धरते, मनगट वर, बोटं मिटलेली. तो रस्ता बदलतो. मागच्या रविवारी त्याच्याबरोबर त्याची बायको होती, त्यामुळे त्याला रस्ता बदलता आला नाही.

“ह्या काय मागतायत?” तिने विचारलं.

“काही नाही. चल.”

ती दोनदा मागे वळून बघेपर्यंत मी हात तसाच धरून उभी होते.