फोडलेला कांदा

लेकीच्या अमेरिकेतल्या घरी टीव्हीवर तिथला फुटबॉल पाहत होतो. डोकं आपटलेल्या खेळाडूला प्रशिक्षकाने खांदा धरून बाहेर बसवलं. लेक म्हणाली, "बाबा, पूर्वी इथेही काहीतरी उग्र हुंगवून परत उतरवायचे. आता नियम बदललेत."

आमच्याकडे कांदा होता. मी कबड्डी शिकवायचो. अंतिम सामन्यात सदाचं डोकं आपटलं. तो म्हणाला, "सर, सगळे दोन-दोन दिसतायत." मी कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला. "मग दुप्पट बाद करून ये!" सदा हसत चढाईला गेला आणि पुन्हा पडला.

तो हट्टाने उतरला, असं मी त्याच्या आईला सांगितलं. ते खोटं होतं.

सदाचे केस पिकले, पण तो त्या सामन्यातून बाहेर आलेला नाही. भेटायला गेलो की विचारतो, "सर, उतरू?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. "नको रे. बस."