सांभरच्या मिठावर सरोजजींची सायकल

रविवारी घडीची सायकल घेऊन सांभरला जायचं, हे लोकलसारख्याच साध्या पॅसेंजर गाडीत बोलता बोलता ठरलं. मी जयपूरच्या जगतपुऱ्याहून दौशाच्या बँकेत रोज ये-जा करते. इथे त्याला ‘अप-डाउन’ म्हणतात. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते बँक ही दोन टोकं सायकलने सांधली जातात. मधल्या वेळात ती घडी होऊन पिशवीत, सीटखाली पडलेली असते.

“मॅडमजी, आज साइकिल को खिड़की वाली सीट दे दें?” पत्ते खेळणारी मंडळी रोज विचारतात. (सामान म्हणून नेते, आजवर कुणी अडवलेलं नाही. पण माझ्या भरवशावर राहू नका, नियम स्वतः पाहून घ्या.)

माझ्यासमोर सरोजजी बसतात. पन्नाशी ओलांडलेल्या, जटवाड्याजवळच्या सरकारी शाळेत शिक्षिका. नववीच्या मुलींना दरवर्षी सरकारी सायकली मिळतात, त्या वाटण्याचं काम त्यांच्याकडे. मुली फोटोपुरतं हँडल धरतात आणि दुसऱ्या दिवसापासून सायकल भाऊ चालवतो.

“लड़कियाँ बोलती हैं, मैडम, हमको आती नहीं,” त्या म्हणाल्या. “मैं किस मुँह से डाँटूँ? मुझे भी कहाँ आती है!”

पुढच्या बुधवारी वाटप होतं. त्याआधी त्यांना शिकायचं होतं. पण मालवीय नगरात, घरासमोर, सासरच्या ओळखीच्यांदेखत नको. मला सांभरचा खाऱ्या पाण्याचा तलाव आठवला. डोळे मिटून चालवलं तरी धडकायला काही नाही, अशी दुसरी जागा मला माहीत नव्हती.

सांभर लेक स्टेशनवर सगळ्या गाड्या थांबत नाहीत, वेळापत्रक आधी बघा. साध्या डब्याचं तिकीट जयपुरातल्या रिक्षाच्या फेरीपेक्षा स्वस्त पडतं. आम्ही वाटेत फुलेरा जंक्शनला चहा घेतला, सांभरच्या बाजारात जाळीदार गोड फेणी घेतली आणि टेंपोत सायकल मांडीवर ठेवून तलावाकडे निघालो. सरोजजी साडीत होत्या. “स्कूल में साड़ी, तो सीखूँगी भी साड़ी में।”

टेंपो थांबला आणि जमीन संपल्यासारखी वाटली. फेब्रुवारीत काठाचं पाणी आटलेलं असतं. पुढे नुसता पांढरेपणा, त्यावर धुरकट आकाश, आणि मधली रेघ कुणीतरी ओल्या बोटाने पुसलेली. फार दूर गुलाबी काहीतरी हलत होतं. ते रोहित पक्षी असावेत, पण उन्हात तेही खरे वाटत नव्हते. पावलाखाली मीठ हलकं कुरकुरत होतं, तेवढाच आवाज. (थर करडा आणि ओलसर दिसेल तिथे जाऊ नका, पाय रुततो.)

घडीच्या सायकलला मध्ये उंच दांडा नसतो, सीट हवी तितकी खाली येते. साडीत शिकायला याहून सोयीचं काही नसावं. आधी त्या दोन्ही पायांनी जमीन ढकलत सरपटल्या. मग पेडल. मी मागून सीट धरून धावत होते.

शेळ्या घेऊन चाललेले एक आजोबा थांबले. “सीखबाळी छोरी कठै छै?” शिकणारी मुलगी कुठंय, असं विचारत होते.

“म्हैं ही छूँ छोरी!” सरोजजी ओरडल्या. आजोबा हसता हसता काठीवर वाकले.

थोड्या वेळाने मी हळूच हात काढून घेतला. सगळे असंच शिकवतात ना? त्या बऱ्याच पुढे गेल्या. माझ्या धापांचा आवाज येईना, तेव्हा पाय टेकवून थांबल्या आणि त्यांनी मान मागे वळवली.

“कब छोड़ा?”

“बताती तो आप डर जातीं.”

“तो डरती। डर मेरा था ना, वर्षाजी?”

एवढी वर्षं ज्याला मी युक्ती समजत होते, ती कदाचित नुसती घाई होती. एकटीने चालवतेय हे कुणाचं तरी पहिलं भान आपण परस्पर काढून घेतो. की मी उगाचच एवढा विचार करते?

त्या पुन्हा बसल्या. मी सीट धरली, धावले. आता काही ठरवायचं नव्हतं, फक्त ऐकायचं होतं. बऱ्याच वेळाने, अगदी शांतपणे, त्या म्हणाल्या, “छोड़िए।”

मी सोडलं. त्यांना वळता येत नव्हतं, पण वळण्याचं कारणही नव्हतं. जांभळी साडी पांढऱ्यावरून सरळ जात राहिली, लहान झाली, उन्हाच्या लाटांत जमिनीपासून सुटून वर तरंगली. मी तिच्यामागून चालत निघाले. कितीतरी वेळ आम्ही दोघी अशाच, एकमेकींच्या हाकेपलीकडे, एकाच दिशेने जात होतो. इतकं निवांत मला गेल्या कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर आधी चेन आणि रिम गोड्या पाण्याने धुतली, तेल घातलं. तुम्ही गेलात तर हे टाळू नका, मीठ लोखंड खातं.

बुधवारी, वाटपाच्या दिवशी, माझी सायकल एका दिवसापुरती जटवाड्याला सरोजजींबरोबर उतरली. संध्याकाळच्या गाडीत त्या चढल्या त्या रिकाम्या हातांनी.

“साइकिल?”

“स्कूल में है। सरकारी वाली ऊँची है, छोटी लड़कियों के पैर नहीं पहुँचते। आपकी पर सीख रही हैं। कुछ दिन रहने दूँ?”

आधी मी चिडलेच, हे लिहायला हवं. उद्याही दौशात चालावं लागणार, हेच पहिलं मनात आलं. ते लपवायला विचारलं, “कोई गिरी तो नहीं?”

“सब गिरीं,” सरोजजी कोपरावरची पट्टी दाखवत म्हणाल्या. “सबसे पहले मैं।”

पत्तेवाल्यांनी डाव थांबवून टाळ्या वाजवल्या. मी ‘रहने दीजिए’ म्हटलं. म्हणताना ते पूर्ण खरं नव्हतं. जगतपुऱ्याला उतरून स्कूटरच्या गर्दीतून घरी चालत येईपर्यंत बहुतेक खरं झालं होतं.